केबिनचा चार्ज

"आई, बाबा केबिनमधून खाली उतरायला तयार नाहीत." सुनेने मला जुन्या स्टेशनाच्या फाटकापाशीच गाठले. "रखवालदार म्हणतोय, आता पोलिसांनाच बोलावतो."

"आधी श्वास घे," मी म्हटले. "नवऱ्याला कळवलंस?"

"अजून नाही."

"मग कळवू नकोस."

मागच्याच आठवड्यात माझ्या मुलाने बजावले होते, की बाबा पुन्हा असे घरातून निघून गेले तर त्यांना संस्थेत ठेवायचे. माझ्या घरातले निर्णय मी देते. हा त्याने परस्पर दिला होता. यांची स्मृती ओल धरलेल्या भिंतीसारखी पोपड्यापोपड्याने सुटत चालली होती. आपण सिग्नलमन आहोत आणि ड्यूटीवर जायचे आहे, एवढे मात्र घट्ट चिकटून होते.

ते स्टेशन केव्हाच बंद पडले. आता तिथे वाहतुकीचे संग्रहालय आहे. तिकीटघरात कंदील आणि घंटा, प्रतीक्षालयात बग्गी आणि जुन्या सायकली. फलाटाला लागून एक काळे इंजिन उभे करून ठेवले आहे. फलाटाच्या टोकाला उंचावर यांची सिग्नलची केबिन. यांच्या नोकरीच्या साऱ्या काळात मी त्या जिन्याची पहिली पायरीसुद्धा चढले नव्हते. बाहेरच्या माणसाला वर मनाई होती, आणि बायको हीही बाहेरचीच, असे यांचे म्हणणे. डबा खाली खिळ्याला अडकवून मी परतत असे.

त्या दिवशी मी चढले.

वर हे एका लिव्हरला दोन्ही हातांनी धरून उभे होते. रखवालदार घामाघूम झाला होता. संग्रहालयाच्या प्रमुख बाई हळू आवाजात यांची समजूत घालत होत्या.

"आजी, लोकांनी हाताळून बघावेत म्हणून हे लिव्हर आम्ही मोकळे ठेवलेत," त्या मला म्हणाल्या. "कुणीतरी हा ओढला, बाहेरचा सिग्नल पडला, आणि आजोबा एकदम धावलेच. लिव्हर परत जागेवर ढकलला, पण आता सोडत नाहीत."

"लाइनवर इंजिन उभं आहे आणि गाडीला यायचा सिग्नल देताय?" हे म्हणाले. आवाज कापत होता, हात नव्हते. "मागून गाडी आली म्हणजे?" मग त्यांची दृष्टी माझ्यावर पडली. "बाई, वर यायला मनाई आहे. खाली व्हा."

सुनेने माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला.

"कॉलर कुठंय?" मी प्रमुख बाईंना विचारले.

गाडी लाइनवर उभी असली, की त्या लाइनच्या लिव्हरला एक लाल लोखंडी कडे अडकवतात. ते काढल्याशिवाय लिव्हर ओढता येत नाही. माणूस विसरतो म्हणून कॉलर, असे यांनी मला लग्न नवे असताना समजावले होते.

"ती खाली काचेच्या कपाटात आहे," बाई म्हणाल्या. "पण कपाट उघडायला वरून परवानगी लागते."

"आणि म्हाताऱ्या माणसाला ओढत खाली न्यायला?"

बाई स्वतःच खाली गेल्या आणि कॉलर घेऊन आल्या. यांनी ती हातात घेतली, अंगठ्याने पुसली आणि लिव्हरला चढवली. तेव्हा कुठे हात सुटले. पण पाय हलेनात.

"चला ना बाबा," सून म्हणाली.

"कसा येऊ? माझ्या जागी बदली कुठे आलीय?"

रखवालदार पुटपुटला, "हे मात्र फार झालं."

"तू गप्प राहा," मी म्हटले, आणि यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

रात्रपाळीला निघताना हे रोज उंबऱ्याशी थांबून मला घर सोपवीत. चूल विझलेली आहे, मागची कडी घातलेली आहे, पोराचा ताप उतरलेला आहे, चार्ज तुझा. 'चार्ज घेतला' असे मी म्हटल्याशिवाय यांचे पाऊल बाहेर पडत नसे. पोरे पुढे त्याची नक्कल करून हसत. मी कधी हसले नाही.

"मी बदली," मी म्हटले. "सांगा."

यांनी सदऱ्याचे वरचे बटण लावले. ताठ झाले.

"फलाटाच्या लाइनवर इंजिन उभं. कॉलर घातलेली. बाकी लाइन मोकळ्या." मग ते म्हणाले, "चार्ज तुमचा."

उंबऱ्याशी ते मला 'तुझा' म्हणत असत.

"चार्ज घेतला," मी म्हटले.

हे सुनेचा हात धरून निमूट उतरले. तेवढ्यात तिचा फोन वाजला. जिन्यातून मला तिचे बोलणे ऐकू आले, "काही नाही हो, संग्रहालय बघायला आलोय सगळे. आई आहेत ना बरोबर." या मुलीला मी आजवर फारसे चांगले म्हटलेले नाही.

फलाटावरच्या बाकाशी मात्र हे थांबले, तिथेच बसले आणि मान वर करून केबिनच्या खिडकीकडे पाहू लागले. मी जागा सोडली असती तर हे पुन्हा वर आले असते. आणि चार्ज घेतला होता. मी सिग्नलमनच्या स्टुलावर बसून राहिले. प्रेक्षक येत, मला पाहून लिव्हरांपासून चार हात दूर राहत.

उन्हे कलली. प्रमुख बाई किल्ल्या घेऊन वर आल्या. "आजी, बंद करायची वेळ झाली."

"मग चार्ज घ्या."

त्या हसतील असे वाटले होते. पण त्यांनी किल्ल्या खिशात टाकल्या, दोन्ही हात सरळ केले. मी सांगितले तसे इंजिन, कॉलर, लाइन, सारे त्यांनी पुन्हा म्हटले, आणि चार्ज घेतला.

"ती कॉलर आता कपाटात ठेवू नका," मी म्हटले.

"नाही ठेवणार."

कठडा न धरता मी उतरले. हे बाकावरून पाहतच होते. मी जवळ जाताच त्यांनी अदबीने विचारले, "आली का बाई तुमची बदली?"

"आली."

त्यांनी समाधानाने मान हलवली. मग बाकाच्या कडेला सरकून मला जागा करून दिली. परक्या बाईसाठी सोडावे तेवढे अंतर मध्ये ठेवून.