डोंगराकडच्या पाहुण्यांची मासळी

"दोर खाली धरा गं! पाण्याला टेकू दे! वर धरून काय कपडे वाळत घालताय?"

मी ओरडले तशा पलीकडच्या पोरी दचकल्या आणि दोर पाण्यात गेला. छातीएवढ्या पाण्यात अख्खं गाव गोल उभं होतं. रानवेलींना नारळाच्या झावळ्या गुंडाळून केलेला लांबच लांब दोर सगळ्यांच्या हातात. ओहोटी लागली की हे रिंगण आवळत आणायचं. झावळ्यांच्या सावलीला भिऊन मासे मध्ये मध्ये सरकतात आणि शेवटी गुडघाभर पाण्यात नुसती चांदी उसळते. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा त्या उसळीला घाबरून पळाले होते. डोंगरातली मी, मला काय ठाऊक? सासू म्हणाली होती, "जेवणाला घाबरणारी सून मी पहिल्यांदाच बघतेय."

माझा नवरा जोसातेकी हा इथल्या कोळ्यांचा म्होरक्या. तो गेला त्याच दिवशी आम्ही खडकावर फांदी रोवून समुद्राचा हा पट्टा बंद केला. कोळ्यांचा म्होरक्या गेला की समुद्रानेही सुतक पाळायचं. तिथे गळ नाही, जाळं नाही. सुतक फेडताना तिथलेच मासे धरायचे आणि पाहुण्यांना वाढायचे. पाहुणे म्हणजे माझं माहेर. ते डोंगरावरून डुकरं आणि अळकुड्या घेऊन येणार होते. एका पंगतीला बसलो की आम्ही किनाऱ्याची माणसं त्यांच्यासमोर मासा खात नाही, तो त्यांचा. ते आमच्यासमोर डुक्कर खात नाहीत, ते आमचं. एकाने दुसऱ्याला भरवायचं, हे वाडवडिलांपासून चालत आलंय. आता मासाच नसला तर त्यांच्या पानात वाढायचं काय, आणि त्यांचं डुक्कर आम्ही कुठल्या तोंडाने खायचं?

रिंगण आवळत आलं. पाणी मांडीला लागलं, मग गुडघ्याला. मी उसळीची वाट बघत होते. माणसांचे खांदे खांद्यांना लागले, पोरींनी पाणी बडवलं, आणि मध्ये बोटाएवढी चार पिल्लं इकडून तिकडे पळाली. बाकी पाणी नितळ. एक रबरी चप्पल तरंगत होती.

मग म्हातारा वाका म्हणाला, "उलामिला, दोर उलटा धरला वाटतं. मासे बाहेर राहिले आणि आपण आत अडकलो." हा वाका माझ्या नवऱ्याचा जोडीदार, मयताच्या घरातही थट्टा करणारा. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

मासे का नाहीत ते मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

"कोण पोटुशी आहे?" मी विचारलं. "सांगून टाका."

दिवस गेलेली बाई ते लपवून रिंगणात उतरली तर मासे निघून जातात. दिवस जाण्यात काही वाईट नाही, वाईट आहे ते लपवण्यात. तोंडाने कबूल केलं की समुद्र राग सोडतो. मी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. पोरी माना खाली घालून उभ्या.

"लाजायला काय झालं? एवढी अख्खी गावं भरली ती काय वाऱ्याने? बोला! नाही बोलणार? मग मीही उठणार नाही." आणि मी तिथेच पाण्यात बसले.

सोलोमोने, माझा मुलगा, म्हणाला, "आई, ऊठ. गारठशील."

"तू गप्प बस. बापाच्या सुतकाला पाहुण्यांना उपाशी पाठवू?"

पाणी उतरत गेलं, मी बसूनच. ऊन डोक्यावर आलं. वाकाने हात धरून उठवायला पाहिलं, मी हात झटकला. मग माझ्यासमोर कुणीतरी गुडघ्यावर टेकलं. माझी सून तेमालेसी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हिची कूस उजवली नव्हती, म्हणून हिच्याकडे मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"आई, मीच," ती म्हणाली. "माझ्याच पोटात आहे."

मग जो गलका झाला! बायांनी तिला मिठ्या मारल्या. वाका ओरडला, "वा रे वा! घरात बाळ, दारात मासे! सोलोमोने, हे काम तू आधी का केलं नाहीस?" सोलोमोने तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत राहिला. मी समुद्राकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं की आता काही लपलेलं नाही, आता ये. आणि माझी मी उठले.

दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला पुन्हा रिंगण धरलं. तेमालेसीला मी फणसाच्या झाडाखाली बसवलं, हातात शहाळं दिलं. म्हटलं, जागचं हलायचं नाही. लोक गात गात पाण्यात उतरले. दोर तर कालच्याहून जड वाटला मला. खरंच वाटला.

आतमध्ये काहीच नव्हतं. पिल्लंसुद्धा नाहीत.

मी दोर सोडला, मध्ये गेले आणि पाण्यात तोंड घातलं. खाली रंगीत पोवळ्यांचा खडक असायचा, निळे पोपटमासे तो कुरतडायचे त्याचा कुरकुर आवाज पाण्यात ऐकू यायचा. आता खडकावर शेवाळ माजलं होतं, न विंचरलेल्या डोक्यासारखं. आवाज कसलाच नाही.

"बाहेरच्या बोटींचे दिवे तूही बघितलेस ना, आई?" सोलोमोने म्हणाला. "त्यांची माणसं नळीतून श्वास घेत तळाशी जातात. रात्री मासे कपारीत झोपलेले असतात, ते फळं तोडावीत तसे तोडून नेतात. आपली फांदी त्यांना काय कळणार?"

"आणि बारीक आसाचं, इवल्या भोकांचं जाळं कुणी आणलं?" वाका म्हणाला. "त्यात पिल्लंसुद्धा सुटायची नाहीत. पोरं खाल्ली आपण, आणि आता त्यांचे आईबाप शोधतोय."

तो थट्टा करत नव्हता. लोकांनी दोर तिथेच टाकला. झावळ्या सुटून लाटेबरोबर आत-बाहेर करत राहिल्या.

मी किनाऱ्यावर आले. तेमालेसी उभी राहिली. शहाळं तसंच होतं, तिने प्यायलं नव्हतं.

"आई, पोटात काही नाही," ती म्हणाली.

मी तिच्या हातातलं शहाळं काढून घेतलं.

"तुम्ही पाण्यातून उठतच नव्हता. मला दुसरं काही सुचलं नाही."

"सोलोमोनेला?"

"घरी गेल्यावर लगेच सांगितलं."

"मग तो आज कशाला उतरला?"

"म्हणाला, आईला एकदा बघू दे."

माझ्या जिभेला गावात सगळे भितात. चार शब्दांत माणूस सोलायची मला सवय. त्या दिवशी मात्र मी तिच्या केसात झाडाचं पान अडकलं होतं ते काढलं, आणि म्हटलं, "चल. चुलीला लाकडं लागतील."

पाहुणे आले. माझा भाऊ एपेली पुढे, मागे त्याची माणसं, खांद्यावरच्या बांबूंना टांगलेली डुकरं. वेशीवरूनच त्याची सुरुवात: "अरे समुद्रवाल्यांनो! पोटाला पीळ घालून आलोय डोंगरावरून! आज तुमचा समुद्र रिकामा करून जाणार!"

आमची माणसं हसली नाहीत. त्याला वाटलं, सुतक आहे म्हणून.

पंगत बसली. त्यांच्यासमोर केळीची पानं मांडली. दुकानातून आणलेले माशांचे डबे मी स्वतः फोडले होते. कांदा टाकला, नारळाचं दूध टाकलं, शक्य तेवढं मोठं दिसेल असं केलं. एपेलीच्या पानात मीच वाढलं.

"दादा, घे," म्हटलं. "आमच्याकडचं."

त्याने पानाकडे पाहिलं. त्याची माणसं त्याच्याकडे पाहत होती. समोर आमच्या पानांत भट्टीतल्या डुकराची वाफ निघत होती आणि आमच्यातल्या एकाचाही हात पुढे झाला नव्हता. एपेलीची जीभ माझ्याच आईने घडवलेली, माझ्याहून तिखट. मी वाट बघत उभी राहिले.

त्याने एक तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

डब्यातल्या माशाचा काटा शिजून लोण्यासारखा झालेला असतो, लेकरंही तो चावून खातात. एपेलीने घास तोंडात घोळवला. मग दोन बोटं ओठांशी नेऊन, मोठा मासा खाताना काढावा तसा, त्याने एक मऊ काटा जपून काढला आणि पानाच्या कडेला ठेवला. दुसरा घास घेतला. दुसरा काटा काढला, तो पहिल्याशेजारी ठेवला. मग त्याच्या शेजारचे म्हातारेही तसेच सावकाश खाऊ लागले.

वाकाने मान खाली घातली आणि डुकराच्या तुकड्याला हात लावला.