सहमतीची सही

आमच्या कारखान्यात ऑडिटची सूचना आठवडाभर आधी फलकावर लागते. नियमच तसा आहे. त्यामुळे मी मिक्सिंग विभागात पोचले तेव्हा फरशी ओली होती, कठड्यांना ताज्या रंगाचा वास येत होता आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नवंकोरं हेल्मेट होतं. पैलवानाच्या हेल्मेटवर तर किमतीची चिठ्ठीही तशीच होती. हा पैलवान म्हणजे तिथला एक कामगार, आणि इतका किडकिडीत, की त्याला हे नाव देणाऱ्याला दाद द्यावी.

इथे धुण्याची पावडर बनते. खोलीएवढी आडवी पिंपं, त्यांना सगळे मिक्सर म्हणतात. आत पोलादी पाती फिरतात आणि वरून द्रव साबणाचा फवारा पडतो. झाकण उघडलं की पाती थांबली पाहिजेत. त्यासाठी झाकणाला एक लोहचुंबक असतं आणि पिंपाच्या काठाला एक छोटी डबी. चुंबक जवळ असलं की डबीतल्या दोन बारीक पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि मोटर चालते. झाकणाबरोबर चुंबक दूर गेलं की पट्ट्या सुटतात, मोटर बंद. शाळेतल्या प्रयोगाइतकी साधी गोष्ट. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी अंतर्गत ऑडिटमध्ये आले ते अशाच गोष्टींसाठी. आकडे तपासणारे पुष्कळ होते, यंत्र तपासणारं कुणी नव्हतं.

मी एकेक झाकण उघडून पाहिलं. प्रत्येक वेळी पाती थांबली.

"आहे का काही खोट?" सुपरवायझर म्हणाले. सुपरवायझर म्हणजे माझे भावोजी, थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी लागल्यापासून मी त्यांच्याच घरी राहते. नात्यातल्या माणसाचा विभाग मला देऊ नका, असं मी आमच्या ऑडिट प्रमुखांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "उलट बरंय. चहा तरी मिळेल."

झाकणांत खोट सापडली नाही, पण खांबामागे एक सळई सापडली. जाड लोखंडी सळई, मधोमध वाकून तिचा पार आकडा झालेला.

"ही कशी वाकली?"

"सळई गेली, हात राहिला," पैलवान हसत म्हणाला. भावोजी मोठ्यानं खोकले आणि तो हेल्मेट सारखं करत दूर झाला.

पाती थांबलेली असतील, तर सळई कुणी वाकवली? एवढा जोर माणसाचा नाही. हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी केबिनमध्ये चहा प्यायला बसले. समोरच्या लोखंडी कपाटाच्या दारावर पांढऱ्या प्लास्टिकच्या आयताकृती वड्या ओळीनं चिकटवल्या होत्या. प्रत्येकीला स्क्रूसाठी दोन भोकं. त्यांच्याखाली एकही कागद नव्हता.

संध्याकाळी घरी पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेले. दारावर भाचीनं काढलेला जिराफ होता. त्याची मान कागदात मावली नव्हती म्हणून तिनं ती वाकवून खाली आणली होती. जिराफाला धरून ठेवणारी वडी पांढरी होती, आयताकृती, दोन भोकांची.

मी ती काढून हातात घेतली.

"भावोजी, हे कुठून आणलंत?"

"कारखान्यातून. पडलेलं होतं."

"पडलेलं, की सूचना लागल्यावर काढलेलं?"

जेवायला बसलेल्या भावोजींनी पानातून मान वर केली नाही. ताई म्हणाली, "जेवताना ऑफिस काढायचं नाही असं ठरलंय ना आपलं?"

"ही तुझी बहीण आता फ्रिजचंही ऑडिट करते," भावोजी म्हणाले. "सासरेबुवांनी सांगितलंच होतं, धाकटी सरळ आहे, जपून राहा." पण हसले नाहीत. मग स्वतःच बोलायला लागले. "डबीवर हे चुंबक टेपनं लावलं की झाकण उघडलं तरी पाती फिरतात. पाती फिरताना सळईनं खरवडावं लागतं. नाहीतर पावडर भिंतीला धरते, मग नुसते गोळे."

"पण भिंतीला धरतेच का?"

"पाती झिजलीत म्हणून. तू बघितलंस ना आत?"

बघितलं होतं. पातं आणि भिंत यांच्यात पोस्टकार्ड जेमतेम जावं, असं यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलं आहे. तिथे माझं बोट आरामात गेलं होतं.

"मग नवी मागवा."

"मागवतोय की. दर वेळी वरून विचारतात, माल निघतोय ना? निघतोय. मग पाती पुढच्या वर्षी." त्यांनी पान बाजूला सारलं. "मागच्या महिन्यात पैलवानाची सळई आत ओढली गेली. त्यानं ती वेळेवर सोडली म्हणून. हात तिच्याबरोबर गेला असता, तर त्याच्या बायकोला मी काय सांगणार होतो?"

मी त्यांना आमची पद्धत समजावली. साध्या शेऱ्याचं काय करायचं ते कारखान्याचे मोठे साहेब ठरवतात. 'गंभीर' शेरा मात्र त्यांना डावलून मुख्य कार्यालयातल्या समितीकडे जातो, आणि दुरुस्ती होईपर्यंत यंत्र बंद ठेवायचा अधिकार समितीला आहे. फक्त एक अट. गंभीर शेऱ्यावर त्या विभागाच्या सुपरवायझरची 'सहमत' म्हणून सही लागते.

"म्हणजे मीच लिहून द्यायचं, की होय, चुंबकं मी लावतो?"

"कारणाच्या रकान्यात पात्यांचं लिहीन. मोजमापासकट. समितीनं ते वाचलं की पाती यावीच लागतील."

"लागतील?"

"लागतील."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "तू बघशील ना नीट?"

"बघेन गं."

दुसऱ्या दिवशी मी अचूक गेज घेऊन प्रत्येक मिक्सरमधली फट मोजली. भावोजींनी केबिनमध्ये उभ्या उभ्याच सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि घरून परत आणलेली वडी कपाटावर इतरांच्या ओळीत चिकटवली. दाराशी पैलवान उभा होता. "पाती आली, तर सळई मी भंगारात टाकून येईन," तो म्हणाला. "पेढे माझ्याकडून."

ऑडिट प्रमुखांना सगळा कारखाना 'खोडरबर' म्हणतो. त्यांनाही ते ठाऊक आहे. निवृत्तीला थोडाच अवधी राहिलेला हा माणूस अहवाल वाचताना चष्मा कपाळावर चढवतो आणि कागद नाकाशी नेतो. माझा अहवाल त्यांनी असा दोनदा वाचला.

"चांगलं काम आहे," ते म्हणाले. मला बरं वाटलं.

दोन दिवसांनी अंतिम प्रत आली. 'गंभीर' हा शब्द शाबूत होता. सही शाबूत होती. कारणाच्या रकान्यात 'पात्यांची झीज व बदलण्यास वारंवार नकार' याऐवजी 'सुपरवायझरने सुरक्षा यंत्रणेत केलेला हस्तक्षेप' असं होतं. फटीच्या मोजमापांचं पान नव्हतंच.

मी धावतच त्यांच्या खोलीत गेले. "साहेब, पाती कुठे गेली?"

"तुला गंभीर हवं होतं. गंभीर ठेवलंय."

"पण कारण?"

"पात्यांचं तुझं मत आहे. चुंबकाची त्यानं कबुली दिलीय, खाली सही आहे. अहवालात काय ठेवायचं?"

"मत कसलं? गेजनं मोजलंय मी."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली आणला. "बस जरा. पाती घ्यायची नाहीत हे कुणी ठरवलं?"

"मोठ्या साहेबांनी."

"आपला अहवाल समितीकडे कुणाच्या सहीनं जातो?"

"तुमच्या."

"माझी पगारवाढ कोण लिहितं? तुझी रजा कोण मंजूर करतं? कागदावर आपण स्वतंत्र आहोत. पण या खोलीचं भाडं तो माणूस भरतो. मीही तुझ्याएवढा होतो तेव्हा पान पान लिहायचो. ते सगळे अहवाल परत यायचे. आता निदान जातात तरी."

"काय जातं त्यातून?"

"तेवढं विचारू नकोस."

मग मी समितीच्या सचिवांना थेट पत्र लिहिलं, मोजमापांसकट. उत्तर शिष्टाचाराला धरून आणि चटकन आलं: आपले म्हणणे कृपया आपल्या कारखान्याच्या अंतर्गत ऑडिट विभागामार्फत पाठवावे. त्याची प्रत खोडरबरांना होती. ती त्यांनी काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवली, चष्म्याच्या डबीखाली, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

समितीनं शेऱ्याची फार गांभीर्यानं दखल घेतली. भावोजींना सुपरवायझरपदावरून काढून दूरच्या गोदामावर पाठवलं. चुंबकं जप्त झाली. सर्व कामगारांना सुरक्षा प्रशिक्षण द्यावं, असंही ठरलं, आणि ते द्यायला यंत्र कळणारं माणूस म्हणून माझं नाव आलं.

भावोजी आता आठवड्यातून एकदा घरी येतात. मला एका शब्दानंही बोलले नाहीत. उलट पहिल्याच खेपेला म्हणाले, "गोदामात बरंय, मेव्हणीबाई. फिरणारं काहीच नाही." ताई मात्र एकदाच बोलली. भांडी पुसत होती, वळलीसुद्धा नाही. "तू बघशील म्हणाली होतीस." त्यानंतर आमच्यात चहा झाकून ठेवलाय, पाणी येऊन गेलं, एवढंच उरलं. जिराफ फ्रिजवर टेपनं लावलाय. टेप एका बाजूनं सुटतो आणि मान आणखीच खाली येते.

तीन महिन्यांनी पाठपुराव्याचं ऑडिट होतं. सूचना आठवडाभर आधी लागली. प्रश्न एकच होता: चुंबके काढली आहेत काय? कपाटाचं दार कोरं होतं. झाकणं उघडली, पाती थांबली. मी 'होय' लिहिलं. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुणालाही न सांगता परत गेले.

झाकण सताड उघडं होतं. पाती फिरत होती. पैलवान कडेवर एक पाय टेकवून नव्या सळईनं भिंत खरवडत होता, आणि प्रत्येक पातं जवळ आलं की सळई झटकन वर घेत होता. मी मोटरच्या मागे पाहिलं. आता चुंबक वेगळं आणायची गरजच उरली नव्हती. झाकणाचं चुंबक आणि काठाची डबी, दोन्ही स्क्रू काढून सोडवली होती आणि एकमेकांना तारेनं घट्ट बांधून मागे लोंबकळत ठेवली होती. झाकणाला त्यांचा काही पत्ताच नव्हता.

नवा सुपरवायझर धावत आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात अजून पोळीचा घास.

"मॅडम, आज कसं काय? सूचना नव्हती."

"हे गंभीर आहे. मी लिहिणार आहे. तुमची सहमतीची सही लागेल."

त्यानं घास खिशातल्या रुमालात गुंडाळला. उद्धटपणा अजिबात नव्हता, खरंच विचारावं तसं विचारलं, "मागच्यांनी केली होती ना सही?"

"हो."

"ते कुठे असतात हल्ली?"

त्यानं झाकण हळूच लावलं. "मला तर बंदच दिसतंय," तो म्हणाला आणि केबिनमध्ये गेला.

मी पैलवानाकडे वळले. "तुम्ही तरी सांगाल? तुमच्याच हाताचा प्रश्न आहे."

त्यानं हेल्मेट काढून आतला घाम पुसला. किमतीची चिठ्ठी अजून होती, फक्त अक्षरं पुसट झाली होती. "वाईट वाटून घेऊ नका, बाई. भावोजी तुमचे होते, म्हणून निदान गोदाम तरी मिळालं. मला फाटक दाखवतील." मग झाकणाकडे बघत म्हणाला, "सळई सैल धरायची, ओढली की लगेच सोडायची. एवढंच आहे बघा. नव्या पोरांना ते जमत नाही, ती घट्ट धरतात. प्रशिक्षणात तेवढं शिकवा."

मी अहवाल लिहिला. खोडरबरांनी नाकाशी नेऊन वाचला आणि विचारलं, "सही?"

"नाही."

"मग साधा शेरा."

त्यांनी तो मोठ्या साहेबांकडे पाठवला. मोठ्या साहेबांनी त्यावर लिहिलं: प्रशिक्षण झाल्यावर शेरा बंद करावा.

प्रशिक्षण कॅन्टीनमध्ये झालं. भिंतीवर दाखवायला मी चित्रं नेली होती, चुंबकाची, डबीची, हेल्मेटाची. पहिल्या चित्रावरच मागच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली. मी प्रोजेक्टर बंद केला आणि पैलवानाला सळई आणायला सांगितली. एकेकाला पुढे बोलावलं. एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. "अंगठा वर ठेवा, सळईभोवती गुंडाळू नका," मी सांगत होते आणि न सांगता हिसका देत होते. पहिले काही जण सळईबरोबर पुढे ओढले गेले. लोक हसले. मी पुन्हा धरायला लावलं, पुन्हा हिसका दिला. हळूहळू जमायला लागलं. सळई फरशीवर खणकन पडायची आणि हात रिकामा, पंजा उघडा राहायचा.

"वा," पैलवान म्हणाला.

नवा सुपरवायझर मोबाइल घेऊन खुर्चीवर चढला. "मॅडम, जरा इकडे बघा. एक फोटो लागतो, शेरा बंद करायला."

सगळे ओळीनं उभे राहिले. मी सळई उचलून हातात धरली. सैल, अंगठा वर.