आढ्यातली चौकोनी खाच

टण्ण! वाटी पडली.

रिकाम्या बंगल्याच्या फरशीवर स्टीलची इवलीशी वाटी पडली, गिरक्या घेत दूर गेली, आणि तिचा नाद भिंतीभिंतींवर आपटत वर चढला. वर, जिथे कौलं-वासे उतरवलेल्या उघड्या छपरातून मार्गशीर्षाचं आकाश आत डोकावत होतं. धुकं विरत होतं. दरीतून वर येणारं, दुधाळ, दवभिजलं पाचगणीचं धुकं. आणि त्याला चिरत जाणाऱ्या उन्हाच्या सोनसळी, तिरप्या शलाका.

"मी नाही पाडली, तीच पडली," पाच वर्षांची ईश्वरी म्हणाली. सांडलेल्या पोह्यांवर दोन मुंग्या येऊनही पोचल्या होत्या.

सारिकाचं पोह्यांकडे लक्षच नव्हतं. ती नादामागे कान लावून उभी होती. कुठे तो घट्ट धरला गेला, कुठे सैल सुटला, ते ऐकत होती.

सुताराची लेक ती. बाप गेला तेव्हा त्याची हत्यारांची पेटी तिने मागून घेतली होती. भावाला ती नकोच होती. आणि पेटीबरोबर आला होता बापाचा एक हेका : लाकडाला आधी नाव विचारायचं, मग हात लावायचा. ओल्या फडक्याने पुसायचं, पात्याने इवलंसं खरवडायचं, हुंगायचं, ठोकायचं. आपल्या घरासाठी जुनं लाकूड निवडत तीन दिवस ती या शतायुषी बंगल्याला नावं विचारत होती. काळसर, रागीट रेघांचा तो ऐन. जुन्या मधासारखा पिवळा तो फणस. आणि उन्हात तापलेल्या, तेल प्यालेल्या वहाणेसारखा ज्याचा गंध, तो साग. वासे उतरले, खांब उतरले, चौकटी उतरल्या.

उरलं होतं आढं, दोन टोकांच्या भिंतींवर टेकलेलं.

छपराच्या माथ्यावरचं, अठरा फुटी, एकसंध, धूम्रवर्णी आढं. आभाळाच्या पाठीचा कणाच जणू. खाली दरीतल्या गावात सारिकाच्या घराच्या चार भिंती दोन वर्षं उभ्या होत्या. डोक्यावर प्लास्टिकचा निळा कागद, आणि तो कागद तीनदा वाऱ्याने नेलेला. असं अखंड आढं कुठल्याच वखारीत तिला मिळालं नव्हतं. हे मिळालं, तर पाखरासारखे पंख पसरून छप्पर बसणार होतं. नाहीतर चौथा कागद.

"पोरी, त्याचा नाद सोड," निवृत्ती मुकादम मागून म्हणाले. घर उतरवायचं काम त्यांचं, माणसंही त्यांची. "मधोमध वाळवीनं खाल्लंय. सकाळी मी ठोकलं, ढब्ब वाजतंय. उतरवताना मोडलं तर माझ्या पोरांच्या टाळक्यात. बारा वाजता जेसीबी येतोय. करवत लावतो, तीन तुकडे ने."

"तीन तुकड्यांचं काय करू, काका?"

"पोळपाट कर. गावभर वाट."

मजूर हसले. सारिकाने ओढणी कमरेला आवळली आणि ती परांचीवर चढली.

खाली लेक लहान लहान होत गेली, वर आभाळ मोठं मोठं. बोटांची गाठ तिने लाकडावर आपटली. ठण. पुढे सरकली. ठण. आणखी पुढे. ठण. आणि मधोमध आली तेव्हा,

ढब्ब.

सगळं धुकं जणू त्या एका अक्षरात गोळा झालं. तिने पुन्हा ठोकलं. पुन्हा ढब्ब. खरंच होतं मुकादमांचं.

"म्हटलं नव्हतं? ये खाली!"

ती खाली आली नाही. नाव विचारून झालं नव्हतं अजून.

बाटलीतल्या पाण्याने तिने फडकं भिजवलं. पुसलं. पात्याने खरवडलं. धुराने काळवंडलेला पांढरा रंग गळाला, त्याखाली हिरवा. हिरव्याखाली निळा, कुणाच्या तरी लग्नात दिलेला असावा असा हौशी निळा. आणि निळ्याखाली तिचं नख एका रेषेला अडलं. सरळ रेषा. तिला भेटलेली दुसरी रेषा. मग कोपरा. मग दुसरा कोपरा.

वाळवीला काटकोन कुठून ठाऊक असणार?

पेटीतली पटाशी तिने रेषेत टेकवली, अगदी झोपलेल्या लेकीच्या मुठीतून खेळणं सोडवावं तशी. बोटभर जाडीची एक फळी हळूच सुटून हातात आली. आत काळोख. चौकोनी, कोरडा, स्वच्छ काळोख. आणि त्याच्या भिंतींवर पटाशीचे घाव, माशाच्या खवल्यांसारखे एकामागून एक. तळाशी लाकडाची एक कुरळी ढलपी. तिने ती चुरली, हुंगली.

तापलेली वहाण. तेल. साग.

"काका, वाळवी वेडीवाकडी खाते! हे काटकोनात खाल्लंय. ही कुसवाची खाच आहे, दुसऱ्या लाकडाचं टोक बसवायची, वरून फळी मारून बुजवलेली!"

मुकादम कुरकुरत वर आले. त्यांनी खाचेत बोट घातलं, आणि बराच वेळ ते काढलं नाही. या बंगल्यातलं एकही लाकूड त्या खाचेत शिरत नव्हतं. म्हणजे आढं इथे येण्याआधी आणखी कुठल्या तरी घरात होतं. ते घर उतरवताना कुणीतरी त्याला नाव विचारलं होतं, वाचवलं होतं.

"खाच म्हटली तरी कमजोरच की."

"तिसरा हिस्सा खाच, दोन हिस्से अंग. आणि या खाचेसकट शंभर वर्षं छप्पर पेललंय त्यानं." एवढं बोलून सारिका सरकली आणि नेमकी खाचेवर जाऊन बसली, दोन्ही पाय हवेत सोडून. आढं हूं की चूं करेना.

मुकादमांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बापासारखीच हट्टी आहेस. करवत ठेवा रे बाजूला! दोर आणा, चार ठिकाणी बांधा!"

मग उतरलं आढं. सावकाश उतरलं. दोर करकरले, हात ताठरले, श्वास थांबले; वीतवीत, बोटबोट, उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात, एखाद्या वृद्ध राजाने पायरी उतरावी तसं उतरलं. अखंड. बारा वाजायला अजून अवकाश होता.

फरशीवर ते आडवं झालं तेव्हा ईश्वरी आपली वाटी घेऊन आली. तिने ती खाचेत ठेवून पाहिली. बसली, अगदी बेताने बसली. वाटीत उन्हाचा एक थेंब साचला.

"आई, हे आधी दुसऱ्या घरात होतं?"

"हो गं राणी."

"आणि आता आपल्या घरात?"

"आता आपल्या घरात."

ईश्वरीने त्या थेंबावर बोट ठेवलं. घाटातून जेसीबीची घरघर वर येऊ लागली होती. सारिकाचा हात आढ्यावर होता, सालपटलेला, सोनेरी भुशाने माखलेला.

"मग त्या घरातली मुलगी आता कुठं झोपते?"