न उमटलेली काळी अक्षरं

मित्रांनो, मी शाईवर चालणारा एक जुना घरगुती प्रिंटर आहे. इंदूरच्या सुदामा नगरात, एका घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीशेजारच्या टेबलावर माझी जागा आहे. मला बोलता येत नाही, पण त्या खोलीत बोललेलं सगळं माझ्यापर्यंत पोचतं. त्यामुळे मला या घरातल्या दोन गोष्टी माहीत होत्या. एक नातीला माहीत होती, एक आजोबांना. दोन्ही मिळून फक्त मलाच ठाऊक होत्या आणि मी गप्प होतो. ते आठवलं की आजही मला अपराधी वाटतं.

ज्या वर्षी शाळा बंद पडल्या आणि मुलं मोबाइलसमोर बसून शिकू लागली, त्या वर्षी अमिताताईंनी मला दुकानातून घरी आणलं. त्यांची मुलगी निवेदिता तेव्हा चौथीत होती. माझ्या टाक्यांमध्ये काळी, निळी, गुलाबी आणि पिवळी शाई भरताना ती श्वास रोखून बघत होती. पहिलं पान बाहेर आलं तेव्हा तिने ते गालाला लावलं आणि म्हणाली, "मम्मी, गरम आहे." पान काही गरम नव्हतं. पण तिला तसं वाटलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

ती वर्षं माझ्या कौतुकाची होती. मी गणिताचे कागद छापले, फुलपाखराचं जीवनचक्र छापलं, शेजाऱ्यांच्या आधार कार्डांच्या प्रती काढल्या. "अमिताताईंकडे प्रिंटर आहे" हे सगळ्या गल्लीला माहीत झालं होतं. मग शाळा उघडल्या आणि सगळा अभ्यास फोनवर येऊ लागला. माझ्याकडे एकच काम उरलं. ते आबांचं.

आबा म्हणजे निवेदिताचे आजोबा, दिनानाथ. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली. दर शनिवारी संध्याकाळी जवळच्या सभागृहात दहाबारा म्हातारे मराठी लोक जमतात. तिथे आबा आपल्या नोकरीतला एखादा किस्सा वाचून दाखवायचे. एकदा पेटीतून पळालेलं मांजर, एकदा चुकून इंदूरला उतरलेली नवरीची ट्रंक. आबांच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडत चालला होता. बारीक अक्षर दिसेना. म्हणून ते सांगायचे, निवेदिता लॅपटॉपवर टाइप करायची आणि मी अठ्ठावीस आकाराच्या जाड, काळ्याभोर अक्षरात चार पानं छापायचो. ती पानं छातीशी धरून आबा जायचे. परत आले की टेबलावर ठेवायचे आणि माझ्या झाकणावरून हात फिरवायचे.

निवेदिता नववीत गेली आणि तिला या कामाचा कंटाळा येऊ लागला. तिचं मराठी बोलण्यापुरतं होतं. जोडाक्षरं टाइप करताना ती अडायची. आबा म्हणायचे, "अगं, 'दृष्टी' अशी नाही लिहीत." मग तिला राग यायचा.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी मैत्रिणी बाहेर स्कूटीवर थांबल्या होत्या. आबा कोरे कागद घेऊन नवा किस्सा सांगायला आले.

"आबा, प्रिंटर खराब झालाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "ब्लॅक येऊनच नाही राहिलं."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही. मम्मी दुकानातून बनवून आणेल."

आबांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात "बरं" म्हणाले आणि आत गेले.

मित्रांनो, तेव्हा माझी काळी टाकी अर्धी भरलेली होती. कोणी एक बटण दाबलं असतं तर ते खोटं तिथेच उघडं पडलं असतं. पण कोणी दाबलं नाही. अमिताताईंची ऑफिसात मार्चची धावपळ होती. निवेदिताचे पप्पा नोकरीसाठी पुण्यात असतात, त्यांना हे कोण सांगणार? आणि आबांनी पुन्हा विषय काढला नाही. का काढला नाही, ते मला माहीत होतं. दोनच दिवसांपूर्वी, घरात कोणी नसताना, त्यांनी एका जुन्या पानाची प्रत स्वतःच काढायचा प्रयत्न केला होता. कागद अडकला. त्यांनी तो चाचपडत, जोर लावून ओढला. मी कर्रकन वाजलो. ते घाबरून मागे झाले, फाटलेला कागद खिशात घातला आणि कोणालाच काही बोलले नाहीत. मला त्याने काहीही झालं नव्हतं. पण हे त्यांना सांगणार कोण?

आबांचं शनिवारी जाणं बंद झालं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "आता जमत नाही." निवेदिता ते ऐकायची आणि मोबाइलमध्ये डोकं खुपसायची. दोनतीनदा ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. एकदा तर बटणावर बोट ठेवलं. मग 'हा आपोआप कसा सुरू झाला?' असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, असं तिला वाटलं असावं. तिने माझ्यावर जुनी ओढणी टाकली आणि गेली.

एप्रिल गेला, मे आला. बंद खोलीत उन्हाने टेबल तापायचं. माझ्या डोक्याला, म्हणजे जिथून शाई कागदावर उतरते त्या भागाला, केसाहून बारीक भोकं असतात. शाई वाहती राहिली तरच ती उघडी राहतात. काळी शाई आधी घट्ट झाली, मग तिची साय धरली, मग तिने भोकं बुजवली. मी काही करू शकलो नाही. निवेदिताचं खोटं मी खरं करून दिलं.

जुलैत आबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर अमिताताई फोनवर नवऱ्याला सांगत होत्या, "डाग वाढलाय. गेलेली नजर परत येणार नाही म्हणतात. आहे ती टिकवायला इंजेक्शनं देणार." निवेदिता दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

ऑगस्टमध्ये गणपतीच्या कार्यक्रमात वाचायचा आबांना निरोप आला. ते नाही म्हणत होते. निवेदिताच म्हणाली, "आबा, मी टाइप करते ना." तिने एकही चूक होऊ न देता पूर्ण किस्सा टाइप केला, माझ्यावरची ओढणी काढली आणि बटण दाबलं. लाल रंगातलं शीर्षक उमटलं. त्याखाली पान कोरं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा कोरं. ती खुर्चीत बसून त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मायलेकी मला स्कूटरवर घेऊन पोलोग्राउंडजवळ प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या कमल भैयांच्या, इंदुरी बोलीत भियांच्या, दुकानात गेल्या. त्यांनी आधी तपासणीचं पान काढलं. तीन रंगांच्या रेघांची जाळी नीट आली, काळ्याची जागा रिकामी. दोनदा सफाईची आज्ञा दिली. काही नाही.

"दीदी, ब्लैक आखिरी बार कब निकाला था?"

"फरवरी में," निवेदिता म्हणाली.

"तब से खराब ही है," अमिताताई म्हणाल्या.

कमल भियांनी मान हलवली. "खराब कुछ नहीं हुआ. चलाया नहीं, इसलिए सूख गया. हफ्ते में एक पन्ना भी निकालते तो ये नौबत नहीं आती."

अमिताताईंनी मुलीकडे बघितलं. निवेदिताची मान खाली गेली. कमल भियांनी डिस्टिल्ड पाणी कोमट केलं, न सुटणाऱ्या धाग्यांचं मऊ कापड भिजवून माझ्या डोक्याखाली ठेवलं आणि दोन तास मला तसंच राहू दिलं. कापडावर काळा डाग पसरला. मग तुटक रेघा आल्या, मग थोड्या सलग, आणि पाचव्या पानावर जाळी पूर्ण झाली.

बाहेर आल्यावर अमिताताई एवढंच म्हणाल्या, "आबांना तू सांगायचं. मी नाही."

घरी आल्या आल्या निवेदिताने पहिलं पान छापलं. अठ्ठावीसचं अक्षर, काळंभोर. एकही रेघ तुटली नव्हती. तिने ते आबांच्या हातात दिलं. आबा खिडकीशी गेले. पान जवळ नेलं, लांब धरलं, तिरकं केलं.

"काळं नाही ना आलं अजून?" त्यांनी विचारलं.

"आलंय, आबा."

"हो का? मला नुसतं करडं दिसतंय."

निवेदिता रडू लागली. रडतच म्हणाली, "प्रिंटर तेव्हा खराब नव्हता. मी खोटं बोलले होते. मला जायचं होतं."

आबांनी पान टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे मी कागद ओढला, त्याने नाही बिघडला?"

"कुठला कागद?"

त्यांनी सांगितलं. "मला वाटलं मीच मोडला. तू माझं नाव पुढे येऊ दिलं नाहीस, असंही वाटलं. म्हणून परत विचारलं नाही."

निवेदिताने तोंडावर हात ठेवला.

"वाईट वाटलं गं," आबा म्हणाले. "फेब्रुवारीत मला हे सगळं वाचता येत होतं." ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "अक्षर मोठं कर. बघू कुठपर्यंत दिसतं."

अठ्ठेचाळीसचं दिसलं नाही. बहात्तरचं दिसलं. चार पानांचा किस्सा एकतीस पानांचा झाला. कागद मध्येच संपला, तो पुन्हा भरावा लागला. गणपतीत आबांनी नऊ पानं वाचली आणि थकले. उरलेली निवेदिताने उभं राहून वाचली, अडखळत, जोडाक्षरांपाशी थांबत. कोणी हसलं नाही. हे मला अमिताताईंच्या बोलण्यातून कळलं.

आता दर शुक्रवारी ती एक पान काढते. काम नसलं तरी काढते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला आठवड्यातून एकदा चालवा, झाकून विसरून जाऊ नका. आणि घरात कोणी वाचायला मागत असेल, तर त्याला त्याच दिवशी वाचू द्या. माझी बुजलेली भोकं कोमट पाण्याने दोन तासांत उघडली. आबांचे सहा महिने आम्हाला कोणत्याही दुकानात नेता आले नाहीत.