वळवलेले बूट

कोपऱ्यात पडदा आणि पडद्याआड मी, दिवसभर. दर दोन तासांनी तिथल्या मार्गदर्शक होसाका-सान यायच्या, पडद्याबाहेर चटईला कपाळ टेकवायच्या आणि ज्याला आठवायचं त्या माणसाबद्दल तेच तीन प्रश्न विचारायच्या. त्या माणसानं तुम्हाला काय दिलं? तुम्ही त्याला काय दिलंत? त्याला काय त्रास दिलात? त्यानं तुम्हाला काय त्रास दिला, हा चौथा प्रश्न नाइकानच्या, म्हणजे आत डोकावून बघण्याच्या या जपानी उपचारात नाही. आणि मी नेमका तोच घेऊन आलो होतो.

माझी बायको तोमिए गेल्या वर्षी गेली. पोटात गाठ आहे हे तिनं मुलीला सांगितलं, मला नाही. अडतीस वर्षं संसार करून मी परका! अंत्यविधीत मी हे चारचौघांत बोललो, तेव्हापासून चिझुरुनं माझ्याशी अबोला धरला. नंतर दोनच ओळी आल्या, ‘बाबा, आठवडाभर नाइकानला बसून या. मग बघू.’ आईच्या वर्षश्राद्धाला तरी पोरीनं यावं, म्हणून बसलो.

तिसऱ्या दिवशी होसाका-साननी विचारलं, “तोमिए-साननी काय दिलं?”

“जेवण. धुतलेले कपडे. सगळ्यांच्याच बायका देतात.”

“आणखी?”

“आणखी काय? बसून बसून पायाला मुंग्या आल्यात, त्या मोजू?”

“मग पायांपासूनच बघा,” त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. वाकून निघून गेल्या.

पाय म्हटल्यावर बूट आठवले. घरी आलो की मी ते दारात भिरकावायचो. सकाळी ते जोडीनं, बाहेर तोंड करून ठेवलेले असायचे. मी नुसते पाय घालायचे. ती गेल्यापासून रोज ते घराकडे तोंड करून पडलेले असतात आणि मी एका पायावर नाचतो.

मग एक सकाळ आठवली. त्या दिवशी बूट वळवलेले नव्हते. तोमिए त्यांच्याशेजारी गुडघे टेकून बसली होती.

“अहो, आज जरा उशिरा गेलात तर नाही का चालणार?”

“अगं, आधी बूट नीट ठेव! आठ सतराची गाडी काय तुझे काका चालवतात?”

तिनं बूट वळवले. हातानं पुसलेसुद्धा. “सांभाळून जा,” म्हणाली. मी गेलो.

होसाका-सान आल्या तेव्हा मी “त्रास...” एवढंच म्हणालो आणि पासष्टीचा बाप्या भोकाड पसरून रडलो. त्यांनी समजूत घातली नाही. शेवटपर्यंत ऐकलं, आणि पुन्हा वाकल्या.

आठवडा पुरा करून घरी आलो. बूट काढले, कोट अंगात ठेवूनच चिझुरुला फोन लावला.

“हं.”

“आईनं मला सांगितलं होतं गं. म्हणजे, सांगायला बसली होती. मी गाडी गाठली.”

“ठाऊक आहे, बाबा. तुम्ही दार ओढून घेतलंत आणि तिनं मला फोन केला. तुम्हाला कधी आठवतंय, याचीच वाट बघत होते. श्राद्धाला येईन.”

फोन ठेवला. बूट घराकडे तोंड करून होते. मला कुठं जायचं नव्हतं, आणि थांबा म्हणणारी घरात नव्हती.