गोमाजींच्या 'जय हरी'विना प्रसाद

जवळ या गा, चटईवर सरकून बसा. कीर्तनाचे टाळ जुळेतोवर एक गोष्ट सांगतो.

आमच्या सानगडीच्या सत्यभामाबाईंचे थोरले भाऊ गोमाजी लाखांदूरला एकटेच राहत. गुडघ्यांमुळे बाहेर पडणे बंद. दर गुरुवारी बाईंच्या ओसरीवर कीर्तन चाले, तेव्हा बाई त्यांना फोन लावून रिसीव्हर पाटावर ठेवत. शेवटी तिकडून गोमाजींचा 'जय हरी' आला, की मगच प्रसाद वाटायचा.

यंदा त्यांच्या घरची तांब्याची तार जाऊन फायबर आले. जुना फोन लाईट नसतानाही वाजायचा. नव्या फोनला जोडलेल्या डबीला मात्र घरची लाईट लागे.

बुधवारी वादळ झाले. गुरुवारी फोन लागेना.

"मामाचा फोन काहून लागत नाही रे?" बाईंनी मुलाला विचारले.

"लाईट गेली असन, माय," प्रवीण म्हणाला. "डबी बंद, तं फोन बंद. कायले जीव खाऊन राहिली?"

"पहिले फोन गप झाला का तुले लगेच एसटीनं पाठवत होतो."

"तवा तार होती ना, माय!"

आम्ही सारे हसलो, आणि 'जय हरी' न ऐकताच प्रसाद वाटला.

शनिवारी बाई स्वतःच गेल्या. डबीचा दिवा विझलेला होता. गोमाजी फोनपाशी पडले होते, थंडगार, रिसीव्हर मुठीत घट्ट.

आज प्रसाद हातावर पडला, की खाण्याआधी क्षणभर थांबा. आमच्या गोमाजींची तेवढी आठवण करा.