नाव न घालता

"कधीपासून दुखतंय?" फिरदोसनं विचारलं.

"दुखत न्हाय ओ बाई," खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, "पण बरं बी वाटत न्हाय."

तिनं केसपेपरवर नाव-वय घातलं आणि त्याला सरळ सात नंबरला धाडलं. सात नंबरला छातीचे डॉक्टर. त्याच्या मागची बाई 'जीव चाललाय माझा' म्हणून गेली दहा मिनिटं सगळ्या रांगेला सांगत होती, तिला मात्र तिनं बाकावर बसवलं. जीव चाललेली माणसं इतकं सविस्तर बोलत नाहीत. एकवीस वर्षं त्या खिडकीवर काढल्यावर फिरदोसला माणूस आवाजावरून कळायचा.

याच गुणामुळे गुरुसिद्धप्पा सरांनी तिला आणखी एक काम दिलं होतं, बिनपगारी.

सर अक्कलकोटकडचे. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी फोनवर 'विचार' नावाचा गट काढला. दर रविवारी चार वाजता सर एक प्रश्न टाकणार आणि सोलापूर, बार्शी, मोहोळपर्यंतची दीडेकशे माणसं त्यावर मनसोक्त भांडणार. फिरदोस दहावीपर्यंत शिकलेली. आपल्या डोक्यात भाकरी थापताना जे फिरतं त्याला पुस्तकात नावं आहेत, आणि दोन हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी त्याच प्रश्नानं दमलं होतं, हे तिला त्या गटावर कळलं. ऐकून तिला फार बरं वाटलं. थोडा रागही आला, की एवढे दिवस कुणी सांगितलं का नाही.

मागच्या वर्षी मोहोळच्या जोतिरामनं गटावर लिहिलं, 'माणसानं असावंच कशाला?' झालं. चाळीस उत्तरं आली. कुणी ग्रीक काढले, कुणी उपनिषदं. फिरदोसनं तेवढ्यात त्याचा नंबर शोधून फोन लावला आणि खिडकीच्या सवयीनं विचारलं, शेवटचं जेवलात कधी? तो म्हणाला, परवा. बायको माहेरी गेली होती आणि परत येणार नव्हती. तिनं फोन चालू ठेवून त्याला शेजाऱ्याच्या दारापर्यंत चालायला लावलं, दार उघडल्याचा आवाज ऐकला, शेजाऱ्याशी बोलली, मगच ठेवला.

मग सरांना म्हणाली, "सर, दोन खोल्या करा की. ज्याला प्रश्न पडलाय त्याला एकीकडं, ज्याला दुखतंय त्याला दुसरीकडं. एका बाकावर बसवलं की दोघांचेबी हाल हुतेत."

सरांना पटलं. 'विसावा' नावाचा दुसरा गट निघाला. नियम फिरदोसनं घातले. विसाव्यात कुणी कुणाला 'पण' म्हणायचं नाही. वाचलं, की 'वाचलं' एवढंच लिहायचं. जास्त काळजी वाटली तर फोन करायचा, डॉक्टरांकडं न्यायचं. आणि 'विचार'मध्ये घरचं काही सांगायचं नाही. ज्याला नावाची लाज वाटते त्यानं सरांकडं पाठवावं, सर नाव न घालता टाकतील. कुणाचा मजकूर कुठल्या खोलीत जायचा, ते फिरदोस ठरवणार. सर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "फिरदोसताईंना माणूस वाचता येतो." त्या वाक्यावर तिचे दोन महिने छान गेले.

विसाव्यात अकरा जण होते. त्यांचं वाचता वाचता एका शुक्रवारी तिनं स्वतःचं लिहिलं. तीन वर्षं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, मुलीला, अरिबालाही नाही.

तिचा नवरा आरिफ छाती धरून रिक्षातून उतरला तेव्हा ती खिडकीवर होती. रांगेत बारा माणसं. खिडकीसमोर चेहरा आला आणि तिच्या तोंडून निघालं, "नाव सांगा." घरी दोघं दखनी उर्दूत बोलायचे, उभ्या जन्मात तिनं त्याला अहो-जाहोच्या मराठीत काही विचारलं नव्हतं. त्यानंही ताठ उभं राहून मराठीत सांगितलं, "आरिफ राजेसाब शेख." "वय?" "एकोणपन्नास." आणि हसला. तो बावन्नचा होता. लग्न ठरवताना त्याच्या आईनं तीन वर्षं कमी सांगितली होती, आणि त्यावरून फिरदोस त्याला सव्वीस वर्षं चिडवत आली होती. तिनं एकोणपन्नासच लिहिलं. तो आत गेला. तेच शेवटचं बोलणं.

हे तिनं सरांना पाठवलं आणि खाली लिहिलं, 'सर, नाव न घालता विसाव्यात टाका.' सरांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

शनिवार गेला. विसाव्यात काही आलं नाही. रविवारी चार वाजता 'विचार'वर सरांचा प्रश्न आला.

'पुण्यातल्या एका रुग्णालयात खिडकीवर काम करणाऱ्या स्त्रीसमोर तिचा मरणासन्न पती उभा राहतो. ती यंत्रासारखी विचारते, नाव? पती म्हणतो, मलाही विचारतेस? आणि मान खाली घालून आत जातो, तो परत येत नाही. कर्तव्य माणसाला परकं करतं का?'

फिरदोसनं दोनदा वाचलं. सोलापूरचं पुणं केलं होतं, ते ठीक. हसू कुठं गेलं?

चर्चा मात्र रंगली. कुणी म्हणालं, नोकरी माणसाला असंच करते. कुणी म्हणालं, प्रेम असतं तर ती खिडकी सोडून धावली असती. बार्शीच्या एका मास्तरांनी लिहिलं, 'ती कधी पत्नी नव्हतीच, ती खिडकीच होती.' वाक्य चांगलं होतं, हे फिरदोसलाही कळलं. चांगलं वाक्य ओळखायला ती तिथंच शिकली होती. चौसष्ट जणांनी त्याला अंगठा दिला. तिनं यादी उघडली. जोतिरामचाही होता.

तिनं लिहिलं, 'ती बाई मी. अरिबाचे अब्बा तसं बोलले नाहीत. ते हसले. वय तीन वर्षं कमी सांगितलं आणि हसले. एवढं दुरुस्त करावं.'

दोन मिनिटांत तिचा मजकूर गटावरून पुसला गेला. सरांकडून तिला एकटीला निरोप आला. 'ताई, तुमचं वाचलं. हे इथलं नाही, विसाव्यातलं आहे. तिथं या, तिथं आपली माणसं आहेत.' शब्द तिचेच होते. लोकांना इकडून तिकडं पाठवताना दुखू नये म्हणून तिनं ते चार दिवस घासूनपुसून केले होते.

मग सरांचा फोन.

"फिरदोसताई, मनाला लावून घेऊ नका. मी नाव कुठं घातलं?"

"ते हसले हुते, सर."

"हो, पण हसला म्हटलं की प्रश्नच उरत नाही ना. मग चर्चा कशावर करायची?"

"नसती केली."

"तुम्ही आत्ता दुखावलेल्या आहात. आणि बघा, घरचं सांगायचं नाही, हा नियम तुमचाच."

"घरचं तुमी सांगितलं, सर. मी दुरुस्त केलं निस्तं."

मग सर फार मऊपणानं म्हणाले, तुम्ही थोडं पाणी प्या, आपण सावकाश बोलू. तो आवाज फिरदोसच्या ओळखीचा होता. बाकावर बसवायच्या माणसाशी ती याच आवाजात बोलायची.

तिनं फोन ठेवला.

'विचार'मधून ती त्याच संध्याकाळी बाहेर पडली. विसाव्यातल्या अकरा जणांना मात्र सोडता येईना. तिनं वेगळा गट काढला, सर नसलेला, आणि एकेकाला फोन करून सांगितलं की यायचं तर या. का, ते सांगितलं नाही. दहा आले. जोतिराम म्हणाला, "मला आता तिथलं वाचायला लई आवडतंय ओ ताई. ह्या रविवारी तर लई झ्याक झालं." ती म्हणाली, जेवत जा वेळेवर.

पुढच्या रविवारी चार वाजता तिला काही काम नव्हतं. नणंद गुलबानोनं चहा करून दिला आणि ती आत तांदूळ निवडायला गेली. फिरदोसच्या डोक्यात आठवडाभर एक गोष्ट फिरत होती, ती तिनं एका कागदावर लिहिली होती. 'माणसाचं शेवटचं बोलणं कुणाचं असतं? जो बोलला त्याचं, की ज्यानं ऐकलं त्याचं?'

तिनं तो मजकूर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाचून पाहिला. प्रश्न होता. चांगला होता, दीडशे माणसं संध्याकाळपर्यंत भांडली असती. नव्या गटात तो चालला नसता. तिथं प्रश्न टाकायचे नाहीत, हे ती कालच येडूला, बार्शीच्या रिक्षावाल्याला, समजावून बसली होती.

पंख्यानं कागद उडायला लागला. तिनं त्यावर चहाचा कप ठेवला, आणि चहा गार होऊन साय धरली तरी उचलला नाही.